माजाळीतला चार दिवसांचा संसार

निघायच्या आधी

गेल्या वीस वर्षांत आम्ही घरची सगळी मिळून पाच वेळा समुद्रावर राहून आलो. त्यात सूर्यास्त मला दोनदाच दिसला. बाकीच्या संध्याकाळी मी आणि जाऊबाई भाड्याच्या घराच्या ओट्याशी उभ्या होतो, एक भाजी परतत आणि दुसरी कणीक मळत. म्हणून या जानेवारीत कारवारकडे जायचं ठरलं तेव्हा पहिली गोष्ट मी बोलून टाकली. घर घ्यायचं, स्वयंपाकही घरीच करायचा, पण पाळीने. एका जेवणाला दोघं, आणि त्यात दोन पाळ्या पुरुषांच्या. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बरोबर बोलतेय की ती. मलाबी एक पाळी द्या." विषय तिथेच मिटला.

हॉटेलात उतरलं तर पाळीचा प्रश्नच येत नाही, असं धाकट्या भावजींचं म्हणणं होतं. पण आईंना मीठ बेताचं लागतं, तिखट चालत नाही, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत हवं. मुलं पाण्यातून बाहेर आली की अकरा वाजताही ताट मागतात. शिवाय दाराशी आलेली ताजी मासळी आपल्या हाताने रांधून खाण्यासाठीच तर मला समुद्रावर राहायचं असतं. ते सुख मेनूकार्डावर मिळत नाही.

माजाळी हे गाव कारवारच्या उत्तरेला, गोव्याच्या हद्दीला लागून आहे. ओळखीतून तिथलं एक कौलारू घर मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे माडांची बाग आणि बागेच्या टोकाला समुद्र. फोटो बघून मुलं नाचायला लागली. मी मात्र मालकांना दुसरे फोटो मागितले: ओट्याचा, भांड्यांच्या मांडणीचा आणि विहिरीचा. समुद्रावरचं घर घेताना खाट किती मऊ आहे हे शेवटी विचारलं तरी चालतं. पाण्याचं आधी विचारावं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी धुण्याला, अंघोळीला चालतं, पण पुष्कळदा मचूळ असतं. मचूळ पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या काढा, दाणा तसाच टणक. चहालाही चव येत नाही. मालक प्रामाणिकपणे म्हणाले, "उन्हाळ्यात खारटपणा येतो, जानेवारीत तेवढा नसतो." तरी वीस लिटरचे तीन कॅन सांगून ठेवले.

पुढचे प्रश्न गॅसचे. शेगडी किती बर्नरची, सिलिंडर भरलेला आहे का. दोन बर्नर आणि हो, भरलेला आहे, असं उत्तर आलं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवे चालतात, मिक्सर नाही. म्हणजे वाटणाला पाटा-वरवंटा आहे का ते विचारलं. आहे. कुकर तीन लिटरचा, सात जणांना अपुरा, म्हणून आमचा पाच लिटरचा घेतला. विळी आहे, पण तिला खोवणी नाही. माडांच्या बागेत राहायचं आणि नारळ खोवायला साधन नाही हे मला पटेना, म्हणून घरची विळी जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत घातली. मासळी साफ केल्यावरची घाण कुठे टाकायची, हेही विचारून घ्यावं. आम्हाला सांगितलं की बागेत माडाच्या आळ्यात पुरायची. माडाला ते खतच.

सामानाचा माझा हिशेब सरळ आहे. कोरडं घरून न्यायचं, ओलं तिथे घ्यायचं. रविवार पेठेतून चार किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, ब्याडगी मिरची, धणे, चिंच, साबुदाणा आणला. दोन किलो कणीक दळून घेतली. मोदकांसाठी तांदळाची पिठी घेतली, कारण दुसऱ्या दिवशी संकष्टी पडत होती. भाजीत मटार आणि गाजरं, कारण या दिवसांत बेळगावसारखा मटार दुसरीकडे मिळत नाही. इथली भाजी रोज ट्रक भरभरून गोव्याला जाते, मग आपण आपली का नेऊ नये? रताळी घेतली ती आईंच्या उपासाला. संक्रांत नुकतीच झाली होती. भोगीला केलेल्या तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या डब्यात होत्या, शेंगाचटणी होती आणि तिळगूळ तर होताच. कडक भाकरी आठ-दहा दिवस टिकते. परक्या घरात पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या कोणाला चूल पेटवावी लागू नये, त्यासाठी ती सगळ्यात भरवशाची.

काडेपेट्या, मीठ आणि पापड घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर, हवा कोरडी. खाली उतरलं की हवेतच पाणी. उघडा ठेवलेला चिवडा तासाभरात मऊ पडतो आणि काडी पेट घेत नाही. पूर्वी एकदा काडेपेटी ओली झाली म्हणून चहाला नऊ वाजले होते, ते मी विसरले नव्हते.

तृतीया

पहाटे साडेपाचला निघालो. खानापुरात मलप्रभेवरून पलीकडे जाताना नदीवर धुकं होतं. खानापूर कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी जुनं नावाजलेलं. ह्यांनी न सांगता गाडी थांबवली. मी एक पसरट तोंडाचं मडकं निवडलं, बोटाने वाजवून पाहिलं, खणखणीत आवाज आला. मासळीची कढी त्यात करायची होती. नवं मडकं लगेच विस्तवावर ठेवलं तर तडकतं. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्यात पेज उकळायची आणि तिसऱ्या दिवशी कालवण. आमचा मुक्काम नेमका तेवढाच होता.

लोंढा मागे टाकून रामनगरला चहा घेतला. काळी नदीवर सुपा धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं इथे येऊन वसली. तालुक्याचं ठिकाणही सुप्याहून जोयड्याला आलं. चहाच्या टपरीवरचे आजोबा आमची मराठी ऐकून म्हणाले, "बेळगावचे काय?" आणि साखर थोडी जास्तच घातली. पुढे जोयडा, कुंभारवाडा, अणशी, सगळा काळी व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. दोन्ही बाजूंनी रान इतकं दाट की दहा वाजताही रस्त्यावर ऊन पडलं नव्हतं. घाटात धाकट्याला मळमळलं, त्याला आल्याची वडी दिली. कद्र्यानंतर हवा बदलली. मान चिकट झाली, झाडांत माड दिसायला लागले.

कारवारहून सदाशिवगडाकडे जाताना काळीवरचा पूल लागतो. तिथे दोन पूल होते. त्यातला चाळीसएक वर्षांचा जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये मध्यरात्री कोसळला आणि एक ट्रक नदीत गेला. चालक वाचला. नव्या पुलावरून जाताना बाजूला त्या मोडलेल्या पुलाकडे सगळ्यांची नजर गेली. आईंनी हात जोडले.

घर फोटोत दिसत होतं तसंच निघालं. राखणीला एक वयस्क जोडपं, बागेच्या कडेलाच त्यांचं घर. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणायला लागलो. ते आपसात कोकणी बोलत, आमच्याशी मराठी. सामान उतरवण्याआधी मी मडकं दगडी डोणीत पाण्यात बुडवलं. त्यातून बराच वेळ बारीक बुडबुडे येत राहिले.

दुपारी कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, कच्चं गाजर. कोणी काही शिजवलं नाही. संध्याकाळची पाळी जाऊबाई आणि थोरलीची, पिठलं-भाताची. मी पडवीत बसून राहिले. सूर्य माडांच्या बुंध्यांमधून खाली गेला, पाण्याला टेकला आणि टेकल्यावर किती भराभर बुडाला! आई शेजारी बसून होत्या. त्या म्हणाल्या, "तुझा तिसरा." त्यांनी मोजलं होतं हे मला माहीत नव्हतं.

चतुर्थी

सकाळी मामांना विचारलं, मुलांना पाण्यात कधी सोडायचं? त्यांनी पंचांग मागितलं. कोकणातले जुने लोक तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी, म्हणजे नऊला, पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तास पुढे. "पण आमच्याकडे पाणी याच्या थोडं आधी चढतं," मामा म्हणाले, "तेव्हा आठलाच निघा." थोरली दहावीत आहे. तिने वहीत पंधरा तिथींचं कोष्टक मांडलं. पौर्णिमेला सव्वाअकरा आलं, वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. मामांनी ते कोष्टक बोट ठेवत ठेवत तपासलं आणि मान डोलावली.

नियम त्यांनी दोनच सांगितले. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, ओहोटी लागली असेल तर तेवढंही नाही, कारण उतरतं पाणी पायाखालची वाळू घेऊन आत ओढतं. आणि दुसरा, "दर्याक पाट दाखोव नाका." फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभं राहणाऱ्यांना मागून येणारी मोठी लाट दिसत नाही. हे वाक्य मुलांना इतकं पाठ झालं की नंतर तेच आम्हाला ओरडून सांगायला लागले.

आठला वाळूवर गेलो. पाणी पार मागे गेलेलं, ओली वाळू आरशासारखी. मामी उकिडव्या बसून हाताने वाळू उकरत होत्या आणि सापडतील त्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, टोपलीत टाकत होत्या. तिसऱ्या कुठे आहेत ते वाळूवरच्या बारीक भोकांवरून कळतं. माझ्या हाताला पहिली लागली तेव्हा ती घट्ट मिटलेली, गार, करड्या रेघांची होती. तासाभरात ओंजळभरच मिळाल्या. मामींच्या टोपलीत शेरभर. आमच्यातल्या ज्यांना संकष्टी नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी निम्म्या दिल्या. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू त्या आपणच टाकतात. मग विळीवर उघडायच्या.

आईंचा दिवस मात्र रताळ्यांवर आणि ताकावर. चंद्रोदय रात्री सव्वानऊच्या पुढे होता. मोदक आईंनी स्वतःकडे घेतले. ही त्यांची पाळी, सोबत मी. तिसऱ्या प्रहरी पाट्यापाशी बसून मी दोन नारळ खोवले. बागेतला ताजा नारळ आणि बाजारातला वाळत आलेला नारळ यांत किती फरक असतो! खोवताना ओला बुरा बोटांना चिकटत होता आणि विळीखालचं ताट दुधाने भिजलं होतं. आईंनी गूळ-खोबऱ्याचं सारण शिजवलं. तोवर दुसऱ्या बर्नरवर मडक्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळत होती.

साडेआठला पंधरा मोदक चाळणीत बसले आणि पाच मिनिटांत आच निळ्याची पिवळी झाली, मग बारीक झाली, मग गेली. सिलिंडर संपला होता. भरलेला आहे असं सांगितलं होतं आणि मी तपासलं नव्हतं. तपासणं किती सोपं असतं! ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवायचं. वरचा भाग लवकर सुकतो, आतला द्रव गॅस जिथपर्यंत असतो तिथपर्यंतचा ओलसर राहतो, मध्ये रेघ स्पष्ट दिसते. काटा असेल तर आणखी सोपं, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच कोरलेलं असतं आणि भरलेल्यात 14.2 किलो गॅस. हे सगळं मला माहीत होतं. दुपारी चार वेळा चहा झाला, पेज दोन तास उकळली, तेव्हा एकदा फडकं फिरवायला हवं होतं.

आईंचा चेहरा बघवेना. दिवसभर उपाशी, समोर अर्धे कच्चे मोदक, बाहेर अंधार. मी मामींना हाक मारली. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांच्या परसात न्हाणीशेजारी तीन दगडांची चूल होती. मामांनी सुकी झावळी मोडून घातली, वर नारळाची सोडणं, मध्ये दोन करवंट्या. करवंटी एकदा पेटली की ज्वाळा सरळ आणि नेटाची लागते, तेलासारखी. जाऊबाईंनी चाळणी दोन हातांनी धरून अंधारातून आणली, थोरली पुढे टॉर्च घेऊन. भावजी फुंकणीने फुंकायला बसले. पाणी उकळायला लागलं, झाकणाच्या कडेने वाफ निघाली आणि त्या वाफेत तांदळाच्या उकडीचा नि धुराचा मिळून असा वास सुटला की मुलं सगळी चुलीभोवती गोळा झाली.

पंचांगातली वेळ झाली तरी चंद्र दिसेना. कारवारच्या बाजूला सह्याद्री समुद्राच्या फार जवळ येतो, चंद्राला आधी तो डोंगर चढावा लागतो. आम्ही सगळे समुद्राकडे पाठ करून पूर्वेला बघत उभे होतो. धाकटा म्हणाला, "दर्याला पाट दाखवलीत की!" पण पाणी पार लांब होतं. दहाच्या आसपास डोंगराची कड आधी उजळली, मग दोन माडांच्या मधून तांबूस चंद्र वर आला, एका बाजूने किंचित खरवडलेला. आईंनी तांब्यातलं पाणी सोडलं, गंध-अक्षता वाहिल्या आणि मोदक पहिल्यांदा मामींच्या हातावर ठेवला. "आधी तुम्ही की," त्या म्हणाल्या, "चूल तुमची." मामींनी अर्धा मोडून आईंना दिला.

मालकांना फोन केल्यावर सकाळी दुसरा सिलिंडर आला. त्यांनी माफी मागितली, आम्हीही विषय वाढवला नाही. पण पुढचे दोन्ही दिवस मोठा स्वयंपाक चुलीवरच झाला. मामींनीच सांगितलं, "पेज उकळून घेतली ना, आता मडकं तयार झालं."

पंचमी

सकाळी वाळूवर रांपण लागली होती. होडीतून जाळं लांब अर्धगोलात टाकून आणतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून माणसं एका तालात ओढतात. तास-दीड तास हे चालतं. ओढू लागणाऱ्याला वाटा मिळतो, हा जुना रिवाज. एके काळी या किनाऱ्यावर रांपणीने बांगड्याचे ढीग पडत. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा थवाच घेरणाऱ्या, बोटी आल्या आणि किनाऱ्याशी येणारी मासळी आतच उचलली जायला लागली. ओढणाऱ्यांत तरुण कमी होते. मुलं दोराला लागली, हे आणि भावजीही लागले. दोर ओला, खरखरीत, तळहात तांबडे झाले. जाळं जवळ आलं तशी पाण्यावर चंदेरी तडतड दिसायला लागली. तारल्या, थोडे बांगडे, दोन-चार खेकडे. आमच्या वाट्याला आठ बांगडे आले, डोळे काळेभोर, कल्ले लालभडक, अंग धनुष्यासारखं ताठ. विकत घेतानाही एवढंच बघावं.

मग ओहोटीच्या पाण्यातून तिळमातीला. माजाळीच्या टोकाला खडकाळ टेकडी आहे, ती चढून पलीकडे उतरलं की लहानसा किनारा, आणि वाळू काळी. लाटा काळा दगड झिजवतात, त्याचे दाणे थेट तिळाएवढे. आईंना टेकडी जमणार नव्हती, त्या मामींकडे थांबल्या. पण निघताना त्यांनी तिळगुळाची डबी थोरलीकडे दिली होती. तिने एका तळहातावर तिळगुळातले मोकळे झालेले तीळ घेतले, दुसऱ्यावर ती वाळू. आकार तोच. वाळूचे दाणे तेवढे चकाकत होते आणि ओले असताना तळहाताला चिकटून राहत होते, झटकले तरी सुटत नव्हते. आम्ही दगडावर बसून तिळगूळ खाल्ला. तिथे दुसरं कोणी नव्हतं. पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं आणि कितीतरी वेळ आमच्यातलंही कोणी बोललं नाही.

दुपारची पाळी पुरुषांची. ह्यांना कांदा-लसणाचा मसाला घालून झणझणीत करायचं होतं, बेळगावी हाताला तीच सवय. मामींनी नको म्हणून सांगितलं. ओलं खोबरं, भिजवलेली ब्याडगी मिरची, धणे, हळद, चिंचेचा कोळ, एवढंच. भावजींनी पाट्यावर वाटलं, वीज असतानाही. वाटण लोण्यासारखं झालं का ते मामी दोन बोटांत घेऊन बघत आणि "आणखी" म्हणत. तिसऱ्यांदा "जालें" म्हणाल्या. वाटण मडक्यात उकळलं, मग ठेचलेली तिरफळं, मग बांगडे. मासळी घातल्यावर डाव फिरवायचा नाही, मडकंच दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल. ह्यांनी फडक्याने मडकं धरून हलवलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि सगळं लक्ष त्या कढीत. मी पडवीच्या पायरीवर बसून हे पाहिलं. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं त्यांना चुलीपुढे मी पहिल्यांदा पाहत होते.

आईंसाठी आधीच बाजूला काढलेली, मिरची कमी. कढी भात किती जेवलो याचा हिशेब नाही. चार किलो तांदूळ मला जास्त वाटले होते, ते बरोबर ठरले.

संध्याकाळी सदाशिवगडाच्या टेकडीवर गेलो. सोंद्याच्या राजांनी बांधलेला हा किल्ला. वरून काळी नदी समुद्राला मिळते ते मुख पूर्ण दिसतं, पलीकडे कारवार, आणि समुद्रात कुर्मगड बेट. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे, पौष पौर्णिमेला जत्रा भरते, लोक होड्यांनी जाऊन केळी अर्पण करतात. यंदाची जत्रा आम्ही यायच्या तीनच दिवस आधी होऊन गेली होती. 2019 च्या जत्रेहून परतताना होडी उलटून 16 जण गेले. मुलांना होडीतून बेटावर जायचं होतं. मी सांगितलं, होडीवाला प्रत्येकाला जॅकेट घालून देईल तरच, आणि लहान मुलाच्या मापाचं असेल तरच. चौकशी केली, धाकट्याच्या मापाचं नव्हतं. नाही गेलो. तो थोडा वेळ रुसला, मग गडावरून उतरताना विसरला.

सूर्यास्त गडावरूनच पाहिला. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी, 1883 मध्ये, कारवारला भावाकडे राहायला आले होते, भाऊ इथे न्यायाधीश होते. हाच समुद्र, हेच नदीचं मुख त्यांनी पाहिलं असणार. थोरलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्यांना स्वयंपाक कोण करून देत होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

परतताना

सकाळी घर झाडलं, ओटा धुतला, भांडी होती तशी मांडणीवर लावली. मालकांनी सांगितलं नव्हतं, पण परक्याच्या स्वयंपाकघरात चार दिवस रांधलं तर ते जसं मिळालं त्याहून चांगलं करून द्यावं असं मला वाटतं. उरलेली डाळ, तेल, पिठी मामींकडे दिली. नव्या सिलिंडरवर ओलं फडकं फिरवून रेघ पाहिली, निम्म्याच्या वर होती, ती मालकांना कळवली. पुढच्या कुटुंबाला उपयोगी पडेल म्हणून एका कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवलं: विळीला खोवणी नाही, डाळ कॅनच्या पाण्यात शिजवा, चतुर्थीला ओहोटी आठ ते नऊ.

मामींनी निघताना पिशवीभर तिरफळं आणि चार नारळ दिले. आईंनी त्यांना कुंकू लावलं, उरलेला तिळगूळ दिला. दोघी एकमेकींचा हात धरून बराच वेळ उभ्या होत्या. एक बेळगावची, एक माजाळीची, वयही एकच.

मडकं गाडीत घेऊ लागले तर ह्यांनी थांबवलं. घाटात फुटेल, इथेच राहू दे, म्हणाले. मला ते सोडवत नव्हतं. पाण्यात बुडवून, पेज उकळून, कालवण करून तयार केलेलं, आतून काळपट आणि गुळगुळीत झालेलं. मामी म्हणाल्या, "ठेवा. पुढच्या खेपेला तयार असेल, उकळायला नको." मग मी ते विहिरीवर घासलं, उन्हात दोन तास सुकवलं आणि त्यांच्या चुलीच्या दगडांवर पालथं घातलं.